बाहेरच्या सागवानाला कोणतं फिनिश द्यायचं? बोटीच्या एका ऑर्डरवरून शिकूया



गेल्या महिन्यात मालवणकडून एका मुलाचा फोन आला. आपले व्हिडिओ बघून त्याने वर्षभरापूर्वी पॉलिशची कामं घ्यायला सुरुवात केली, हाताखाली दोन पोरं आहेत. त्याला कर्लीच्या खाडीत फिरणाऱ्या एका पर्यटक बोटीचं काम मिळालं होतं. केबिनचा सागवानी दरवाजा, दोन्ही बाजूंचं रेलिंग, बसायच्या फळ्या आणि माणसं चढतात तिथली पाय ठेवायची जागा, असं सगळं मिळून २०० चौरस फूट. मालकाने दोनच प्रश्न विचारले, किती घेणार आणि किती दिवस टिकेल? याने मोबाइलवर चकाचक फोटो पाहून ठेवले होते. त्याने पीयू पॉलिशचा १५० रुपये फुटाचा दर सांगितला, आणि बोलण्याच्या भरात 'पाच वर्षं हात लावायचं काम नाही' असंही सांगून बसला. दहा हजार ॲडव्हान्स खिशात आल्यावर त्याची झोप उडाली आणि त्याने मला फोन केला.

तुम्ही म्हणाल, उंद्रीत दुकान टाकून बसलेल्या माणसाला बोटीतलं काय कळतं? खरं आहे. आमच्या चिखली तालुक्यातून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. पण ऊन, पाऊस आणि सागवान या तिघांचं भांडण मला चांगलं माहीत आहे, कारण त्यात माझे पैसे गेले आहेत. व्हिडिओमध्ये हा किस्सा दोन मिनिटांत उरकला होता, इथे नीट सांगतो.

दुकान सुरू करून एकच वर्ष झालं होतं. जवळच्या गावात एका शेतकरी काकांनी नवं घर बांधलं. घरच्या जुन्या सागवानाचा दोन फळ्यांचा मोठा दरवाजा केला, तोंड पश्चिमेला, वर छज्जा नावालाच. मी मिस्त्री घेऊन गेलो आणि शोरूमसारखी चमक यावी म्हणून आतल्या फर्निचरला वापरतात तेच मेलामाइन मारलं. वास्तुशांतीला लोक दाराला हात लावून बघत होते. मी तर फोटो काढून दुकानात लावला! मे महिन्यात दारावर बारीक फोड आले. जूनचा पहिला पाऊस झाला, फोडांत पाणी शिरलं आणि पांढरे चट्टे पडले. काकांचा फोन आला, "भाऊ, दाराची साल निघून राहिली ना!"

ती साल खरवडून काढायला मिस्त्रीचे चार दिवस गेले. पुन्हा फिनिश, पुन्हा जाणं-येणं. मूळ काम ९,५०० रुपयांचं आणि दुरुस्तीला गेले जवळपास १३,०००, तेही माझ्या खिशातून. काकांच्या भावाच्या घराचं काम मला मिळणार होतं. ते दुसऱ्याने केलं. त्या घरावरून आजही जातो तेव्हा मान दुसरीकडे करतो.

आता मुद्द्यावर येऊ.

सागवान पॉलिशमुळे टिकत नाही

हे वाक्य पॉलिशचा धंदा करणाऱ्याने सांगावं का? सांगावं, कारण इथूनच सगळा गोंधळ सुरू होतो. सागवानाच्या पक्क्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं आणि बुरशी-वाळवीला न आवडणारे घटक असतात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची जहाजं बांधली. त्यातलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षं ते कुणाच्या वार्निशवर नाही, त्या लाकडावर उभं आहे.

मग फिनिश कशासाठी? मुख्यतः रंगासाठी. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ तोडतात, पाऊस तो धुऊन नेतो आणि वर उरतो तो चंदेरी-करडा थर. बघणाऱ्याला वाटतं लाकूड सडलं. सडलेलं नसतं, रंधा मारा, आत पुन्हा सोनेरी निघतं. फिनिशचा दुसरा उपयोग म्हणजे पाण्याचं आत-बाहेर होणं कमी करणं, म्हणजे चिरा कमी पडतात. गिऱ्हाईकाला 'पॉलिश नाही केलं तर लाकूड जाईल' असं घाबरवून काम घेऊ नका. एक दिवस त्याला खरं कळतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. हे सगळं पक्क्या गाभ्याबद्दल चाललंय. सालीलगतचा पांढरट भाग कच्चा असतो, त्याला बुरशी आणि भुंगा दोन्ही लागतात. कमी वयाच्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग जास्त येतो. काम घेण्याआधी लाकूड फिरवून बघा. पांढरे पट्टे दिसले तर तिथेच मालकाला दाखवा, फोटो काढा, लिहून घ्या. नंतर ती फळी कुजली की नाव तुमच्या पॉलिशचंच निघतं.

साल निघते का, ते समजून घ्या

भिंतीचा पोपडा पाहिला आहे ना? रंग चांगला असतो, खालचा चुना सुटलेला असतो. लाकडाचंही तसंच आहे. पारदर्शक थरातून उन्हाचा काही भाग आत जातोच. वरचा थर शाबूत दिसतो, पण त्याच्याखाली लाकडाचा पृष्ठभाग भुसभुशीत होत जातो. मग थराने पकडायचं कशाला? त्यात सागवानाचं तेल. रंधा मारून दोन दिवस ठेवलेल्या सागवानावर ते तेल वर येतं, फिनिश नीट वाळू देत नाही आणि चिकटूही देत नाही.

आणि थर मधून कधीच पहिल्यांदा फुटत नाही. तो कडेला, सांध्यात, स्क्रूच्या डोक्याशी आणि फळीच्या आडव्या कापलेल्या टोकाशी फुटतो. दरवाजाची खालची कड किती जण रंगवतात? दहातले दोन. पाणी तिथूनच वर चढतं. बोटीवर तर हे दुप्पट, कारण खारं पाणी वाळून मीठ मागे राहतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं.

आता पर्याय बघू

लाखेचं स्पिरिट पॉलिश आणि मेलामाइन हे दोन्ही घरातल्या सामानाचे. लाख पाण्याने पांढरी पडते, मेलामाइनचं काय होतं ते वर सांगितलंच. बाहेरच्या कामाला हे डबे गाडीत घालूच नका.

टू-पॅक पीयू हा मालवणच्या मुलाने सांगितलेला पर्याय. यात दोन जाती आहेत आणि दुकानदारालाही कधी कधी फरक माहीत नसतो. आतल्या वापराचा स्वस्त पीयू उन्हात पिवळा पडतो आणि पुढे फुटतो. बाहेरचा, ज्याला ॲलिफॅटिक म्हणतात, तो उन्हाला बराच दम धरतो. डब्यावर 'एक्स्टिरिअर' लिहिलेलं पाहिजे आणि कंपनीचं माहितीपत्रक मागून वाचलं पाहिजे. चांगला मारला तर हा वार्निशपेक्षा जास्त काळ जातो, हे मान्य. पण तो कडक असतो. एका जागी तुटला की तेवढाच जोड देता येत नाही, डाग दिसतो, सगळी फळी खरवडावी लागते. बोटीवर दोर घासतो, नांगराची साखळी आपटते, लोक बूट घालून चढतात. तुटणारच.

मरीन वार्निश, ज्याला स्पार वार्निशही म्हणतात, हे जहाजाच्या डोलकाठीसाठी निघालेलं. डोलकाठी वाऱ्याने वाकते, म्हणून थरही लवचीक ठेवला. शिडाच्या बोटींवर जो मधासारखा चमकणारा सागवान फोटोत दिसतो तो याचाच. पण त्या फोटोमागचं काम दिसत नाही. सहा ते आठ हात, प्रत्येक दोन हातांमध्ये वाळवणं आणि हलकं घासणं, आणि मग दरवर्षी घासून नवे एक-दोन हात. आपल्या उन्हात वर्षातून दोनदा धरा. चमक उतरायच्या आत नवा हात दिला तर जुना थर वर्षानुवर्षं राहतो. उशीर केला की पोपडे आणि पुन्हा शून्यापासून.

तेल. इथे एक गैरसमज काढून टाका, 'टीक ऑइल' हे सागाचं तेल नाही. बहुतेक डब्यांत जवसाचं किंवा टंगचं तेल, पातळ करायला द्रावक आणि थोडं रेझिन असतं. तेल आत मुरतं, वर थर होत नाही, म्हणून पोपडे निघण्याचा प्रश्नच नाही. फडक्याने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. शिकाऊ पोराकडूनही बिघडत नाही. तोटा असा की उन्हात दोन-चार महिन्यांतच विटतं. शिवाय नुसतं जवसाचं तेल दमट हवेत काळं पडतं, बुरशीला ते खाऊ वाटतं. आमच्याकडे कोरड्या हवेत चालून जातं, कोकणात बुरशीनाशक असलेलंच घ्या. कोकण-गोव्याच्या मच्छीमारांची जुनी पद्धतही तेलाचीच होती. काजूच्या टरफलाचं तेल, माशाचं तेल, सोबत राळ. दिसायला काळपट, पण त्यांना बोट दाखवायची नव्हती, चालवायची होती.

तेलाच्या चिंध्यांबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. तेल वाळताना उष्णता निघते, बोळ्यात ती अडकते आणि काडी न लावता आग लागते. चिंध्या एकेक करून बाहेर पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. बोटीवर तर दुसरा विचारच नको.

रंगद्रव्य असलेलं वुड स्टेन हा आपल्याकडे दुर्लक्षित पर्याय. यातले बारीक रंगकण ऊन अडवतात, थर पातळ असतो, रेषा दिसत राहतात. चमक कमी आणि सागवानाचा रंग थोडा झाकला जातो. म्हणून शोरूममध्ये कोणी पसंत करत नाही. पण वर्षाने साफ करून एक-दोन हात दिले की काम झालं. माझ्या दुकानातून बाहेरच्या कामाला आता मी सगळ्यात जास्त हेच देतो.

आणि शेवटचा पर्याय म्हणजे काहीच नाही. सागवान तसंच करडं होऊ द्यायचं. बोटीच्या पाय ठेवायच्या जागेला तर हाच योग्य. वार्निश मारलेली फळी ओली झाली की घसरगुंडी, कोणी पडलं तर तुमचं नाव. उघडी फळी मऊ ब्रशने, रेषांच्या आडव्या दिशेने धुवायची. रेषांच्या बाजूने खसाखसा घासलं किंवा प्रेशरचं पाणी मारलं तर मऊ भाग निघून जातो आणि फळीला खाचा पडतात.

दर काढताना मजुरीचे दिवस मोजा

नवा माणूस डब्याच्या किमतीवरून पर्याय निवडतो. डब्याची किंमत सगळ्यात कमी महत्त्वाची आहे. माझ्या वहीतला अंदाज सांगतो, ६० चौरस फुटांच्या उन्हातल्या दरवाजाचा, तीन वर्षांचा.

वार्निशला सुरुवातीचे ८ दिवस, कारण रोज एकच हात बसतो. पुढे दर सहा महिन्यांनी २ दिवस, म्हणजे पाच फेऱ्यांचे १० दिवस. एकूण १८. तेलाला सुरुवातीचे ३ आणि दर तीन महिन्यांनी १ दिवस असे ११, एकूण १४. स्टेनला सुरुवातीचे ४ आणि पुढे वर्षाकाठी २, दोन फेऱ्या, एकूण ८. दिवसाला ८०० रुपये मजुरी धरली तर वार्निश १४,४००, तेल ११,२०० आणि स्टेन ६,४००. साहित्य, पेट्रोल आणि तुमचा नफा यात धरलेला नाही. साहित्याचं सांगायचं तर वार्निश एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १०० फूट जातं. ६० फूट गुणिले ६ हात म्हणजे ३६० फूट, चार लिटर घ्या. तुमच्या डब्यावरचा आकडा वेगळा असेल तर तो धरा.

हे आकडे गिऱ्हाईकासमोर ठेवा आणि मग एकच प्रश्न विचारा, "यानंतर याच्याकडे कोण बघणार?" घरात बघणारा माणूस असेल तर तेल द्या. वर्षातून दोनदा पैसे द्यायची तयारी असेल तर वार्निश द्या. 'एकदाच करा आणि विसरा' म्हणणारा असेल तर स्टेन द्या, किंवा लाकूड करडं होऊ द्यायला सांगा. माझ्या काकांना मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. ते पहाटे शेतात जाणारे, दाराकडे बघायला वेळ कुणाला?

मालवणच्या कामाचं काय ठरलं

मी त्याला आधी मालकाकडे जाऊन पाच वर्षांचं बोलणं मागे घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, ऑर्डर जाईल." मी म्हटलं, जाऊ दे, दहा हजार परत देणं आज परवडतं, पुढच्या वर्षी तीस हजारांचं काम फुकट करणं परवडणार नाही.

मग काम तुकड्यांत वाटलं. चढायच्या जागेचे ४० फूट ऑर्डरमधून काढले, नुसतं साफ करून उघडं ठेवायचं. बिल सहा हजारांनी कमी झालं. केबिनचा दरवाजा छपराखाली आहे आणि फोटोत तोच येतो, त्या ३० फुटांना मरीन वार्निश. रेलिंगचे ६० आणि बसायच्या फळ्यांचे ७० फूट, जिथे ऊन, घाम आणि घासणं तिन्ही आहे, तिथे स्टेन. त्याला रेलिंगही चमकवायचं होतं. मी अडवलं. चमकलं असतं, पण सहा महिने.

कामाच्या पद्धतीबद्दल त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. सगळ्यात आधी गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या, मीठ राहिलं तर पुढचं सगळं वाया. ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून १२०, मग १८० पर्यंत या. त्याहून गुळगुळीत करू नका, पकड राहत नाही. धारदार कडा पेपरने गोल करा, कारण टोकदार कडेवर थर पातळ बसतो आणि तिथूनच फुटतो. पहिला हात देण्याच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसा, म्हणजे वर आलेलं तेल निघतं. फडकं पिवळं-तपकिरी झालं तर घाबरू नका, तेच अपेक्षित आहे. थिनर उघडा असताना जवळ विडी-सिगारेट नको. वार्निशचा पहिला हात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात पातळ करून द्या, तो आत शिरला पाहिजे. फळ्यांची टोकं आणि दरवाजाची खालची कड यांना एक हात जास्तीचा.

वेळ सकाळची, दव उडाल्यावर. भर दुपारच्या तापलेल्या लाकडावर मारलं तर फोड येतात. संध्याकाळी उशिरा मारलं तर रात्रीचं दव बसून वार्निश पांढुरकं होतं. आणि काम सुरू करण्याआधी एका फळीच्या मागच्या बाजूला हातभर नमुना करून मालकाची पसंती घ्या, नंतर 'मला असा रंग नको होता' ऐकायला लागत नाही.

कोटेशनमध्ये त्याने शेवटी हे लिहिलं, मी फोनवर सांगितलं आणि त्याने उतरवून घेतलं: "दरवाजाला मरीन वार्निश, सहा हात. रेलिंग व फळ्यांना रंगद्रव्ययुक्त वुड स्टेन, दोन हात. चढण्याची जागा फक्त साफ केली जाईल, काही काळाने तिचा रंग करडा होईल, हा दोष नाही. देखभालीच्या वर्षाला दोन फेऱ्या, एक मे महिन्यात बोट वर काढण्याआधी, एक दसरा-दिवाळीच्या दरम्यान. प्रत्येक फेरीचे ४,५०० रुपये. फेरी न केल्यास फिनिशची जबाबदारी आमची राहणार नाही. आघात, दोर घासणे व लाकडातील पांढऱ्या भागाची कूज यात धरलेली नाही."

मालक आधी चिडला. पाच वर्षांचं म्हणाला होतास ना, म्हणून चांगलंच सुनावलं. एक दिवस निरोप नाही. दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि देखभालीचं फक्त एका वर्षापुरतं मान्य केलं, दर ४,५०० चा ४,००० करून. म्हणजे ३०,००० च्या जागी २४,००० चं काम आणि वर्षाचे ८,००० वेगळे. दरवाजाचा चौथा हात परवा झाला, फोटो आलाय. दिवाळीआधीच्या फेरीला तो रेलिंगवर पाण्याचे थेंब टाकून बघणार आहे. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर फक्त साफसफाई, पसरून आत मुरले तर नवा हात. तो व्हिडिओ त्याने पाठवला की दाखवतो.